चार छोटे देश आणि वाळूजचा कारखानदार

१ ऑक्टोबर २०२५ पासून स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनश्टाइन यांच्याशी भारताचा व्यापार करार लागू झाला. हे चारही देश युरोपीय संघाबाहेरचे आणि छोटे. त्यामुळे वाळूज एमआयडीसीत पहिली प्रतिक्रिया असते ती, ‘एवढ्याशा देशांना विकणार तरी काय?’ अशी. लिक्टेनश्टाइनची लोकसंख्या जेमतेम चाळीस हजार, हे खरं. पण घरची बाजारपेठ पुरत नाही म्हणूनच छोटा देश करारांसाठी जिवाचा आटापिटा करतो. चीनशी मुक्त व्यापार करार करणारा युरोपातला पहिला देश आइसलँड होता, २०१३ मध्ये. भारताशी या चौघांची बोलणी २००८ ला सुरू झाली, मध्ये काही वर्षं बंद पडली, आणि सह्या झाल्या १० मार्च २०२४ रोजी.

‘आता आपले सुटे भाग स्वित्झर्लंडला बिनशुल्क जाणार’ हा समज सर्वांत दिशाभूल करणारा. औद्योगिक मालावरचं आयात शुल्क स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०२४ पासूनच सगळ्या जगासाठी काढून टाकलंय. म्हणजे वाळूजचा माल तिथे आधीही शुल्काविना उतरत होता, आणि चीनचाही उतरतो. करारामुळे आपल्यापुरती ती सवलत बांधली गेली, एवढंच. स्वस्त व्हायची आहे ती तिकडून येणारी यंत्रसामग्री, आणि तीही बऱ्याच बाबतींत टप्प्याटप्प्याने.

पंधरा वर्षांत १०० अब्ज डॉलरची गुंतवणूक या चार देशांची सरकारं पाठवणार, असंही म्हटलं जातं. सरकारांनी फक्त प्रयत्नांचा शब्द दिलाय; पैसा खासगी कंपन्यांचा. शेअर बाजारातली गुंतवणूक त्यात धरलेली नाही, आणि लक्ष्य हुकलं तर ठरलेली प्रक्रिया पार पाडून भारत सवलती मागे घेऊ शकतो. कंपन्या केवळ करार पाहून येत नाहीत. एंड्रेस हाउजर ही स्विस कंपनी वाळूजमध्ये प्रवाहमापक बनवते, ते या कराराच्या कितीतरी आधीपासून. बिडकीनच्या औद्योगिक क्षेत्रात पुढची कंपनी यायला हवी असेल, तर कुशल हात आणि पक्के पुरवठादार आधी तयार हवेत, असं मला ठामपणे वाटतं.

स्वस्त परदेशी मालाची मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला वाटणारी धास्ती मात्र अनाठायी आहे. दूध आणि सोयाबीन करारातून वगळलेलं आहे.

आणि शुल्कसवलत आपोआप मिळत नाही. माल त्याच देशात बनल्याचा पुरावा आयातदाराकडे लागतो. जर्मनीत बनलेलं यंत्र झुरिकच्या विक्रेत्याकडून घेतलं म्हणून ते स्विस ठरत नाही. ऑर्डर देण्याआधीच विक्रेत्याला विचारा, हे बनलं कुठे?