घरातील सेल आणि योग्य चार्जरची निवड

पावसाळ्यात वीजपुरवठा खंडित झाला, की घरोघरी विजेरीची आठवण होते. विजेरी, रेडिओ, मुलांची खेळणी यांसाठी पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारे सेल वापरणे काटकसरीचे आहे. मात्र कालांतराने एकाच घरात निरनिराळ्या जातींचे सेल जमा होतात आणि ते सारे हाताशी असलेल्या एकाच चार्जरमध्ये घातले जातात. ही सवय घातक ठरू शकते.

सेलची जात आकारावरून ओळखता येत नाही. त्यासाठी सेलवरील छापील मजकूर वाचावा. १.५ व्होल्टचे साधे झिंक-कार्बन अथवा अल्कलाइन सेल कधीही चार्ज करू नयेत. ते गळतात, प्रसंगी फुटतात. निकेल मेटल हायड्राइड सेलवर १.२ व्होल्ट, तर लिथियम-आयन सेलवर ३.६ किंवा ३.७ व्होल्ट असा आकडा असतो. काही लिथियम सेल तर हुबेहूब पेन्सिल सेलएवढेच, म्हणजे सुमारे १४ मिलिमीटर जाड व ५० मिलिमीटर लांब असतात. फसगत होते ती येथेच.

या जातींची चार्ज होण्याची रीत वेगळी आहे. निकेलचा सेल भरत आला, की त्याचा दाब किंचित घसरतो. ही घसरण ओळखून चांगला चार्जर प्रवाह थांबवतो. सर्वसाधारण लिथियम-आयन सेलचा दाब ४.२ व्होल्टवर पोहोचताच तो तेथेच स्थिर ठेवून प्रवाह हळूहळू कमी करावा लागतो. ही मर्यादा ओलांडल्यास सेल तापून पेट घेण्याचा धोका असतो. ३.२ व्होल्टच्या लिथियम आयर्न फॉस्फेट सेलची मर्यादा त्याहून कमी, ३.६५ व्होल्ट आहे.

तेव्हा मिश्र सेलांसाठी चार्जर घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, घरातील प्रत्येक जातीचा त्यावर स्पष्ट उल्लेख असावा. दुसरी, प्रत्येक खाचेचे नियंत्रण स्वतंत्र असावे; जोडीने चार्ज करणाऱ्या चार्जरमध्ये एक सेल अधिक भरतो व दुसरा अपुरा राहतो. तिसरी, प्रवाह कमीअधिक करण्याची सोय असावी. २००० मिलिअँपिअर-तासांचा निकेल सेल ५०० मिलिअँपिअर प्रवाहाने साधारण साडेचार ते पाच तासांत भरतो. लहान सेलांना प्रवाह कमी ठेवावा. काही दिव्यांत असणाऱ्या शिसे-आम्ल बॅटरीसाठी मात्र तिचाच चार्जर वापरावा.

चार्जर अंथरूण व कागदांपासून दूर, फरशीवर ठेवावा. फुगलेला अथवा वेष्टन फाटलेला सेल चार्ज करू नये. निकामी सेल घरच्या कचऱ्यात न टाकता वेगळे ठेवून संकलनासाठी द्यावेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते ग्राहकाचे कर्तव्य आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सेलवरील आकडे वाचावयास शिकविले, तर ही दक्षता घरोघरी सहज पोहोचेल.