आल्प्स ओलांडायचाय? आधी घाट ठरवा, मग तारीख

आपल्या भागातली पोरं-पोरी आता शिकायला आणि नोकरीला जर्मनीला जायला लागली आहेत. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. त्या राज्याची राजधानी म्हणजे स्टुटगार्ट. तिथं जरा स्थिरस्थावर झालं की गाडी भाड्याने घेऊन इटलीतलं मिलान बघून यायचा बेत होतो. कधी आई-वडीलही भेटीला गेलेले असतात. मोबाईलवर बघितलं तर अंतर जेमतेम ५०० किलोमीटर आणि वेळ सहा तासांच्या आसपास. पण मधे आल्प्स पर्वत आहे, आणि तो कुठून व कधी ओलांडता यावर सगळा प्रवास ठरतो.

गोटहार्डचा बोगदा

स्टुटगार्टहून झुरिकमार्गे मिलानला जाणारा नेहमीचा रस्ता स्वित्झर्लंडच्या गोटहार्ड बोगद्यातून जातो. १९८० साली सुरू झालेला हा बोगदा जवळपास १७ किलोमीटर लांब आहे, आणि जायला एक लेन, यायला एकच लेन. दुसऱ्या बोगद्याचं काम सध्या चालू आहे. २००१ मध्ये आत दोन ट्रकची धडक होऊन आग लागली आणि ११ जणांचा जीव गेला. तेव्हापासून आत सोडायच्या ट्रकची संख्या आणि त्यांच्यातलं अंतर यावर कडक नियंत्रण असतं.

त्यामुळे सुट्ट्यांच्या दिवसांत तोंडाशी रांग लागते. ईस्टर, मे-जूनमधल्या जोडसुट्ट्या आणि जुलै-ऑगस्टचे शनिवार हे सर्वात वाईट. तिथला साधा हिशोब असा, की एक किलोमीटर रांग म्हणजे साधारण दहा मिनिटं थांबणं. दहा किलोमीटरची रांग असेल तर दीड-पावणेदोन तास गेलेच. म्हणून शक्य असेल तर मंगळवार-बुधवार धरा आणि पहाटेच निघा. दुरुस्तीसाठी काही रात्री बोगदा बंदही असतो, तेही आधी बघून घ्या.

एक घोळ नेहमी होतो. जगातला सर्वात लांब म्हणून गाजलेला ५७ किलोमीटरचा गोटहार्ड बोगदा २०१६ साली उघडला, पण तो फक्त रेल्वेचा आहे.

दुसरे रस्ते कोणते?

गोटहार्डला गर्दी असेल तर पूर्वेकडून सान बर्नार्डिनोचा रस्ता आहे. त्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. पण सगळेच तिकडे वळले की तिथंही अडकायला होतं.

म्युनिकहून इटलीत उतरायचं असेल तर ऑस्ट्रियातून ब्रेनर खिंड जवळची. तिची उंची १३७० मीटर, म्हणजे साधारण आपल्या महाबळेश्वराइतकी, आणि ती बाराही महिने चालू असते. मात्र तिथल्या लुएग पुलाच्या कामामुळे २०२५ च्या जानेवारीपासून बरेच दिवस एकेकच लेन सुरू ठेवली जाते.

फ्रान्सकडून येणाऱ्यांसाठी माँ ब्लाँचा बोगदा आहे. त्याचा टोल कारला एका खेपेचा ५० युरोच्या वर जातो.

बोगदा टाळून वरच्या घाटातूनही जाता येतं. गोटहार्डची खिंड २१०६ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, यावरून अंदाज घ्या. देखणा रस्ता आहे, पण बर्फामुळे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मे-जूनपर्यंत बंद असतो. बर्फ पडेल तशी तारीख मागेपुढे होते.

टोलचं गणित

जर्मनीत कारला टोल नाही. स्वित्झर्लंडच्या महामार्गावर ‘विन्येट’ म्हणजे वर्षाचा पास लागतो, किंमत ४० फ्रँक. एकच दिवस जायचं असलं तरी तेवढेच. गोटहार्डच्या बोगद्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. पास नसताना सापडलात तर २०० फ्रँक दंड, शिवाय पास घ्यावाच लागतो. ऑस्ट्रियात थोड्या दिवसांचा पास मिळतो, पण ब्रेनरच्या रस्त्याचा टोल त्याच्यावर वेगळा. इटलीत आपल्यासारखंच, जेवढं अंतर तेवढा टोल.

सर्वात महत्त्वाचं: परवाना

फिरायला गेलेल्या माणसाला भारतीय परवान्यावर गाडी चालवता येते. सोबत आंतरराष्ट्रीय परवाना ठेवावा. तो इथूनच, आपल्या आरटीओतून काढून न्यायचा, आणि त्याची मुदत एक वर्ष असते.

पण जो जर्मनीत राहायला गेला, त्याचा भारतीय परवाना तिथं साधारणपणे सहाच महिने चालतो. पुढे जर्मन परवाना काढावा लागतो, आणि त्यासाठी लेखी व गाडी चालवून दाखवायची अशा दोन्ही परीक्षा आहेत. “इथं दहा वर्षं ट्रॅक्टर-जीप चालवलीय” हे तिथं चालत नाही. मुदत संपल्यावर गाडी चालवणं हा तिथं गुन्हा आहे. अपघात झाला तर विम्याचं झेंगट मागे लागतं ते वेगळंच. नोकरीसाठी गेलेल्या पोराने ही जोखीम अजिबात घेऊ नये.

गाडी आणि घाट

गाडी भाड्याची असेल तर दुसऱ्या देशात न्यायची परवानगी करारात लिहून घ्या. हिवाळ्यात टायर बर्फाचेच हवेत. टायरवर डोंगर आणि हिमकणाची खूण असते, ती बघायची. इटलीत बऱ्याच रस्त्यांवर १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल असे टायर किंवा गाडीत साखळ्या असणं सक्तीचं आहे.

गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची. स्वित्झर्लंडमध्ये दिवसाही दिवे चालू ठेवायचे आणि महामार्गावर १२० च्या वर जायचं नाही. तिथले वेगाचे दंड जबर आहेत. घाट उतरताना नियम आपल्यासारखाच: खालच्या गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय दाबून ठेवू नका. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

मिलानला पोचलात की गाडी शहराबाहेर मेट्रो स्टेशनजवळ लावा. इटलीतल्या जुन्या शहरांच्या मध्यभागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते आणि कॅमेरे फोटो काढतात. दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी घरी येते.

आदल्या रात्री एवढं बघा

मूळ पासपोर्ट आणि व्हिसा किंवा राहण्याचं कार्ड. झेरॉक्सवर भागत नाही. गाडीची कागदं, पिवळं जॅकेट, धोक्याचा त्रिकोण. मोबाईलमध्ये नकाशा डाउनलोड करून ठेवा, कारण युरोपियन युनियनची रोमिंगची सवलत स्वित्झर्लंडला आपोआप लागू होत नाही आणि बिल फुगतं. मदतीचा नंबर चारही देशांत ११२ आहे. झोपायच्या आधी घाट उघडा आहे का आणि बोगदा चालू आहे का ते एकदा तपासा, आणि दुसरा रस्ता कोणता ते लिहून ठेवा.