मुक्त ज्ञानकोशांतील धुळें व जळगांव : नोंदींच्या संपादनाची रीत

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या संपादकत्वाखालीं महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ विभाग निघाले. त्यांतील एखाद्या नोंदींत चूक राहिली, तर ती दाखविण्यास अभ्यासकाला निराळा लेख लिहावा लागे. खुद्द ग्रंथांत ती चूक जशीच्या तशी राही. १ मे २००३ पासून मराठींत चालू असलेल्या विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशाची गोष्ट निराळी आहे. तेथील धुळें किंवा जळगांव या शहराच्या नोंदींत कोणीहि वाचक बसल्या जागीं भर घालूं शकतो, दुरुस्ती करूं शकतो, आणि चुकीचें लिहूंहि शकतो. या संपादनाची रीत काय, तेथें कोणता पुरावा चालतो, आणि संग्राहकांनीं त्यांत कोठें लक्ष घालावें, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

कांहीं विद्वान या कोशाचें नांव निघतांच हंसतात. त्यांना आमचें सांगणें इतकेंच कीं, शाळेंतील मुलगा, वृत्तपत्राचा बातमीदार व स्मरणिका काढणारी संस्था हीं बहुधा प्रथम तेथेंच जातात. अलीकडे प्रश्नांना उत्तरें देणारीं यंत्रेंहि त्याच पानांवर पोसलेलीं आहेत. नोंदींत निराधार सन पडला कीं तो वृत्तपत्रांत जातो, आणि पुढें तेंच वृत्तपत्र नोंदीखालीं आधार म्हणून येऊन बसतें. न्यायशास्त्रांत याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. धुळ्याच्या बाबतींत असें होणें विशेष लाजिरवाणें, कारण वि. का. राजवाडे यांनीं ३१ डिसेंबर १९२६ रोजीं देह ठेविला तो याच गांवीं, आणि पुढच्याच महिन्यांत त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ उभें राहिलें तेंहि येथेंच.

पोथ्या हाताळणाऱ्यास या कोशाची रचना समजण्यास अडचण पडूं नये. नक्कल करणारा लेखक जुना पाठ टाकून नवा घालतो, कधीं समासांतील टीप मूळांत शिरते, आणि पुष्पिका नसेल तर हें कोणीं व केव्हां केलें तें कळत नाहीं. मुक्त ज्ञानकोशांत प्रत्येक बदलाला जणूं पुष्पिका असते. पानाच्या माथ्यावर 'इतिहास' अशी खूण असते. ती उघडली कीं पहिल्या ओळीपासून आजपर्यंतची प्रत्येक प्रत तारीख-वेळेसह पुढें येते, आणि कोणत्याहि दोन प्रती शेजारीं ठेवून पाठभेद पाहतां येतात. प्रक्षेप कोणत्या दिवशीं शिरला हें नेमकें दाखवितां येतें. जुनी प्रत पुन्हां स्थापितांहि येते. सदस्य टोपणनांवानें लिहूं शकतो, त्यामुळें लिहिणारा खरोखर कोण हें मात्र कळेलच असें नाहीं. दुरुस्तीपूर्वीं हा इतिहास वाचून काढावा. आज विचित्र दिसणारें वाक्य एके काळीं साधार होतें व मधल्या कोणीं तरी त्याचा अर्धा भाग उडविला, असाहि प्रकार संभवतो.

आतां पुराव्याचा प्रश्न. आमच्या मंडळींची खरी अडचण येथेंच आहे. राजवाड्यांच्या परंपरेंत अस्सल कागद हें श्रेष्ठ प्रमाण, बखर त्याच्या पुष्कळ खालीं. मुक्त ज्ञानकोशांत हा क्रम जवळजवळ उलटा होतो. घरच्या दप्तरांतील मोडी पत्र, तें कितीहि अस्सल असो, तेथें आधार म्हणून चालत नाहीं; छापून प्रसिद्ध झालेला विश्वसनीय ग्रंथ किंवा लेख लागतो. संपादकानें स्वतः काढलेलें अनुमान तर मुळींच चालत नाहीं. नियम जाचक वाटतो, पण त्याचें कारण वाजवी आहे. लिहिणाऱ्यास मोडी येते कीं नाहीं, शिक्का खरा कीं बनावट, हें ठरविणारा परीक्षक तेथें कोणी नाहीं. मग वाचकाला पडताळून पाहतां येईल तेवढेंच ठेवावें, हाच मार्ग उरतो. धुळ्याच्या एखाद्या पेठेविषयींचा महजर कोणाजवळ असेल, तर त्यानें आधीं त्याचें बालबोध लिप्यंतर, शक, तिथि, शिक्के व कागद कोणाच्या संग्रहांतील हा तपशील देऊन तो एखाद्या त्रैमासिकांत छापावा. मग त्या अंकाचा व पृष्ठाचा हवाला नोंदींत देतां येतो. लेख स्वतःचाच असेल, तर नोंदीस जोडलेल्या चर्चापानावर तो सुचवून दुसऱ्यास घालूं द्यावा, हें अधिक शिष्टपणाचें. आपल्याच घराण्याची कैफियत असेल तर हें पथ्य दुपटीनें पाळावें. कपाटांत बंद राहिलेला कागद या कोशाच्या लेखीं नसल्यासारखाच आहे. आमच्या कांहीं मित्रांनीं आपल्या कुलुपांकडे पाहून याचा विचार करावा.

छापील आधार मिळाला तरी तो जितकें सांगतो तितकेंच घ्यावें. चाळीसगांवाजवळील पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख पहा. डॉ. भाऊ दाजी यांनीं तो उजेडांत आणिला. यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव यानें आपला आजा भास्कराचार्य याचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ स्थापिला, व निकुंभवंशांतील राजांनीं त्या मठास दान दिलें, असें त्यांत आहे; लेखाचा अखेरचा भाग जुन्या मराठींत आहे. भास्कराचार्य पाटण येथें जन्मले असें मात्र त्यांत नाहीं. ते स्वतः आपलें गांव सह्याद्रीच्या आश्रयाचें विज्जडविड म्हणून सांगतात, आणि तें कोणतें याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. शिलालेखाचा हवाला देऊन जन्मस्थान निश्चित करणें म्हणजे खरा आधार भलत्याच विधानास चिकटविणें होय. निराधार विधानाहून हें अधिक घातक, कारण हवाल्याचा आंकडा पाहून वाचक निःशंक होतो.

खानदेशाच्या नोंदींत दुसरा घोटाळा काळ व हद्द यांचा होतो. इ. स. १८१८ मध्यें हा प्रांत इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें धुळें हें मुख्य ठाणें केलें. (याच ब्रिग्जचें फेरिस्त्याच्या इतिहासाचें इंग्रजी भाषांतर १८२९ मध्यें निघालें, व फारुकी सुलतानांसाठीं तें आजहि उघडावें लागतें.) १९०६ मध्यें एका खानदेश जिल्ह्याचे दोन झाले, पूर्वेचें ठाणें जळगांव, पश्चिमेचें धुळें. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर जिल्ह्यांस त्या शहरांचींच नांवें मिळालीं, आणि १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यांतून नंदुरबार निराळा निघाला. म्हणून १८८० सालीं असोदें येथें जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी 'जळगांव जिल्ह्यांत' जन्मल्या हें लिहिणें सैल झालें. 'हल्लींच्या जळगांव जिल्ह्यांतील असोदें' असें पाहिजे. प्रकाशें येथें १९५४-५५ सालीं उत्खनन झालें तेव्हां तें गांव पश्चिम खानदेशांत होतें, आज नंदुरबारांत आहे. १८८० च्या गॅझेटियरमधील खानदेशाचे आंकडे आजच्या धुळें जिल्ह्यास लाविले तर लोकसंख्या व कापूस दोन्हीं फुगतात. २०११ च्या खानेसुमारींत जळगांव शहराची वस्ती सुमारें ४ लक्ष ६० हजार व धुळ्याची सुमारें ३ लक्ष ७५ हजार भरली. असा आंकडा लिहितांना वर्ष सोडूं नये.

'खानदेश' या नांवाच्या व्युत्पत्तीवरून वाद हटकून उठतो. फारुकींच्या खान पदवीवरून एक मत, कान्हदेशावरून दुसरें, सेउणदेशावरून तिसरें. येथें संपादकानें न्यायाधीश होऊं नये. कोणतें मत कोणीं, कोणत्या ग्रंथांत मांडलें तें लिहून थांबावें. अकबरानें १६०१ मध्यें अशीरगड घेतल्यावर शाहजादा दानियाल याच्या नांवावरून प्रांतास दानदेश म्हणविलें, ही नांवाच्या इतिहासांतील निराळी पायरी आहे. ती व्युत्पत्तींत मिसळूं नये.

नवख्यानें प्रथम सरावाच्या पानावर हात बसवावा. मराठी कोशांत त्याला 'धूळपाटी' असें सुंदर नांव दिलें आहे. नंतर लहान दुरुस्तीपासून आरंभ करावा व प्रत्येक बदलाबरोबर त्याचें कारण एका ओळींत नोंदवावें. कोणीं आपला मजकूर उलटविला तर पुन्हां पुन्हां तोच घालण्याची झुंज करूं नये. चर्चापानावर पुरावा मांडावा. आधार नसलेल्या विधानापुढें 'संदर्भ हवा' अशी खूण करण्याची सोय आहे. तिचा उपयोग आमच्या मतें फार कमी होतो; वाक्य खोडून टाकण्याआधीं ही खूण करून कांहीं दिवस वाट पाहणें बरें.

राहिला स्वामित्वाचा मुद्दा. भारतांत लेखकाच्या हयातींत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनीं संपतो. राजवाडे व केतकर (मृत्यु १९३७) यांचें स्वतःचें लेखन त्यामुळें सर्वांस खुलें आहे, व तें विकिस्रोत या जोडप्रकल्पांत अक्षरशः उतरवितां येतें. अलीकडील ग्रंथांतील मजकूर आपल्या शब्दांत सांगून हवाला द्यावा. उताराच उचलला तर तो काढून टाकला जातो. संग्रहांतील ताम्रपट किंवा पोथीचें छायाचित्र चढवितांना तें ज्यानें काढिलें त्याची लेखी संमति घ्यावी, आणि मालकास एक गोष्ट आधींच समजावून सांगावी : मुक्त परवान्यावर दिलेलें चित्र पुढें कोणीहि, व्यापारासाठींसुद्धां, वापरूं शकतो, आणि तो परवाना मागाहून परत घेतां येत नाहीं.