पारावरचा डाव, खिशातला डाव

येडशीत दुपारची उन्हं कलली की पारावर सतरंजी पडते. एका बाजूला सोलापूर–छत्रपती संभाजीनगर महामार्गाची घरघर, दुसरीकडे रामलिंगच्या घाटाकडून येणारं वारं, आणि मधे चार म्हातारी माणसं मेंढीकोट खेळत बसलेली. भोवती सहा-सातजण उभे असतात. ते खेळत नाहीत, पण बोलतात खेळणाऱ्यांपेक्षा जास्त. "काय करायलात तात्या, दश्शी सोडली की हो हातची!" हरणाऱ्यांनी चहा पाजायचा, याच्यापलीकडे डावावर काही लावलेलं नसतं.

माझे थोरले चुलते, अण्णा, या सतरंजीवर तीस वर्षं बसले. त्यांचा आजार आम्हा घरच्यांना कळला नाही, तो कळला पारावरच्या माणसांना. एके संध्याकाळी त्यांचे जोडीदार घरी आले आणि माझ्या चुलतभावाला बाजूला घेऊन म्हणाले, "अण्णांनी आज हातात रंग असून दोनदा हुकूम मारला. गेल्या आठवड्यातबी एकदा झालं. एकदा दाखवून घ्या." घरी अण्णा जेवत होते, झोपत होते, पेपर चाळत होते, सगळं जागच्या जागी होतं. मेंढीकोटात मात्र तेरा पानं लावायची, कोणती दश्शी पडली ते ध्यानात ठेवायचं, जोडीदाराच्या उतारीवरून त्याच्या हातात काय असेल ते ताडायचं. ही कामं मेंदूला घरात कोणी सांगत नव्हतं. म्हणून जे घरात दिसलं नाही ते डावात दिसलं. तपासणी झाली, स्मृतिभ्रंशाची सुरुवात निघाली. लवकर कळल्यामुळे जमिनीची कागदपत्रं, बँकेची कामं अण्णा शुद्धीत असतानाच मार्गी लागली.

हे एवढ्या तपशिलानं सांगण्याचं कारण, पत्ते हा शब्द आपल्याकडे अजूनही वाया गेलेल्या माणसाशी जोडला जातो. 'पत्ते कुटत बसलाय' म्हटलं की पुढचं बोलायची गरज उरत नाही. संशोधन थोडं वेगळं बोलतं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात पंचाहत्तरीपुढच्या ४६९ माणसांचा पाठपुरावा डॉ. जो वर्गीस आणि सहकाऱ्यांनी केला, त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. वाचन, वाद्य वाजवणं, पट किंवा पत्ते खेळणं अशा गोष्टींत जे वरचेवर रमत, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी आढळलं. पत्त्यांमुळेच आजार टळतो, असं यातून सिद्ध होत नाही. ज्याचा मेंदू आधीच मंदावू लागलाय तो खेळ सोडून देतो, अशीही शक्यता असते. तरी संगतीत बसून डोकं चालवणारा म्हातारा घरात भिंतीकडे बघत बसलेल्यापेक्षा बऱ्या वाटेवर आहे, यात मला शंका वाटत नाही. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकटेपणा हा या आजाराचा धोका वाढवणाऱ्या, पण हातात असलेल्या कारणांपैकी एक मानला जातो.

आता दुसरा डाव बघू. तो रात्री अकरानंतर पांघरुणात लागतो.

ओळखीतले एक गृहस्थ नोकरीतून निवृत्त झाले. मुलगा पुण्याला, बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. मुलानं चांगला फोन घेऊन दिला, व्हिडिओ कॉल करता यावा म्हणून. त्या फोनवर रमीची जाहिरात आली, सुरुवातीला थोडे पैसे बक्षीस म्हणून खात्यात पडले. गृहस्थ पारावर कधी बसले नव्हते, त्यांना ते कमीपणाचं वाटे. चौदा महिन्यांत ग्रॅच्युइटीतला निम्मा पैसा गेला. मुलाला कळलं ते दवाखान्याच्या बिलासाठी पैसे काढायला गेले तेव्हा. "पानं लागत होती रे, एका पानानं जायचं," एवढंच ते म्हणत राहिले.

'एका पानानं गेलं' या तीन शब्दांत जुगाराच्या व्यसनाचं अर्धं शास्त्र आहे. अगदी थोडक्यात हुकलेला डाव मेंदूला हरल्यासारखा वाटतच नाही, जिंकण्याच्या जवळ आल्यासारखा वाटतो आणि पुढच्या डावाची ओढ वाढवतो. त्यात बक्षीस केव्हा मिळेल याचा नेम नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं, की दर वेळी दाणा मिळाला तर पक्षी शांतपणे टोचतो, पण अनियमित मिळाला तर टोचतच राहतो, आणि दाणा बंद झाल्यावरही सहज थांबत नाही. तिसरी गोष्ट वेगाची. सतरंजीवर डाव संपला की पत्ते गोळा करायचे, पिसायचे, वाटायचे, मधे कोणाला तंबाखू मळायची असते, कोणी शेजारच्या लग्नाचा विषय काढतो. या रिकाम्या मिनिटांत डोकं निवतं. फोनवर पुढचा डाव काही सेकंदांत समोर येतो. पोकरचंही तसंच. प्रत्यक्ष टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, फोनवर एका टेबलावर त्याच्या दुपटीहून जास्त, आणि एकाच वेळी तीन-चार टेबलं उघडता येतात.

पोकर खेळणाऱ्यांच्या जगात एक शब्द आहे, 'टिल्ट'. जुन्या पिनबॉलच्या यंत्राला कोणी रागानं हलवलं की त्यावर ही अक्षरं उमटत आणि खेळ बंद पडे. हरल्यावर माणसाचं भान सुटतं आणि तो मागचं वसूल करायला वाटेल ते लावू लागतो, त्या अवस्थेला हे नाव पडलं. आपल्याकडे त्याला 'पेटला' म्हणतात. पारावर कोणी पेटला तर शेजारचा त्याच्या हातातले पत्ते काढून घेतो, "बस कर, घरी जा" म्हणतो. फोनवर पेटलेल्या माणसाचा हात धरायला कोणी नसतं.

त्या जगातल्या दोन माणसांची आयुष्यं शेजारी ठेवून बघावीत. स्टू अंगर हा पोकरच्या जागतिक मालिकेतली मुख्य स्पर्धा तीनदा, १९८०, १९८१ आणि १९९७ मध्ये जिंकलेला खेळाडू. त्याचा खरा हातखंडा जिन रमीत होता, आपल्या रमीच्या जवळच्या खेळात. पानं लक्षात ठेवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता असं जाणकार सांगतात. १९९७ चं दहा लाख डॉलरचं बक्षीस सट्टा आणि अमली पदार्थांत काही महिन्यांत संपलं, आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, लास वेगासमधल्या एका स्वस्त मोटेलच्या खोलीत तो मृतावस्थेत सापडला. दुसरा डॉयल ब्रन्सन, १९७६ आणि १९७७ चा विजेता. त्यानं कॅन्सर पचवला, पायानं अधू झाल्यावर कुबडी घेतली, ऐंशीच्या पुढेही टेबलावर बसला आणि मे २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी गेला. बुद्धी दोघांकडे होती. ब्रन्सनच्या पाठीशी कुटुंब आणि जुने मित्र टिकले, अंगरचं सगळं सुटत गेलं. एवढ्या एका फरकानं दोन आयुष्यांचा पूर्ण हिशेब लागतो असं मी म्हणणार नाही, पण मला तो नजरेआड करता येत नाही.

धंदा म्हणून खेळणाऱ्यांचं शरीरही लवकर थकतं. दहा-दहा तास बैठक, रात्रीचं जागरण, अवेळी खाणं, सिगारेट. तरुण शरीर ते काही काळ सोसतं. साठीनंतर झोप आधीच हलकी झालेली असते, बीपी-शुगर मागे लागलेली असते, आणि रात्री दोनला हरून काळीज धडधडत उठलेल्या माणसाला सकाळची गोळी घ्यायची आठवण राहत नाही. पैशांचं गणितही या वयात निराळं असतं. तिशीतला माणूस बुडालेलं पुन्हा कमवू शकतो. पेन्शनरकडे असतं ते शेवटचं असतं, आणि हे त्यालाही ठाऊक असल्यानं वसूल करण्याची घाई त्याला जास्त होते.

फार थोड्या घरांना माहीत असलेली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. कंपवाताच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल, मेंदूतल्या डोपामिनसारखं काम करतात. त्या घेणाऱ्या काही रुग्णांना जुगाराची, खरेदीची अनावर ओढ लागते, आयुष्यभर पत्त्याला हात न लावलेल्यांनासुद्धा. डॉक्टरांनी मात्रा कमी केली किंवा औषध बदललं की बहुतेकांची ही ओढ ओसरते. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा स्वभाव अचानक पालटला तर त्याला शिव्या देण्याआधी त्याच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांना भेटा. गोळी मात्र मनानं बंद करू नका. स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांतही असा बदल पहिलं लक्षण म्हणून येतो.

जुगाराचं व्यसन हा आजार आहे, हे वैद्यकशास्त्रानं आता स्वच्छ मान्य केलंय. अमेरिकेच्या मनोविकार संघटनेनं २०१३ मध्ये त्याला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या पंक्तीत बसवलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू असलेल्या वर्गीकरणातही त्याची नोंद आहे. आपल्या परंपरेला तर ते त्याच्या कितीतरी आधी कळलं होतं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त हे एका जुगाऱ्याचं मनोगत आहे. बायको दुरावली, सासू द्वेष करते, रोज ठरवतो खेळायचं नाही आणि फाशांचा आवाज कानी आला की पाय तिकडे वळतात. शेवटी त्याला मिळणारा सल्ला आहे, फासे टाक आणि शेती कर. येडशीतल्या कोणत्याही शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागणार नाही.

पारही काही सोवळा नाही. पोळा-दिवाळीच्या सुमारास तिथेही पैसा येतो, आडबाजूच्या शेडात तिरट रंगते, अड्डेवाला प्रत्येक डावामागे नाल काढतो. एका बसणीत बैलजोडी गेल्याच्या कथा या भागात जुन्या माणसांकडून ऐकलेल्या आहेत. मुंबई प्रांतात जुगारबंदीचा कायदा झाला तो १८८७ मध्ये, आणि तो आजही महाराष्ट्रात लागू आहे. रमी त्यातून सुटली, कारण १९६८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की पडलेली पानं ध्यानात ठेवणं, कोणतं धरायचं नि कोणतं टाकायचं हे ठरवणं, यात कौशल्य आहे. ऑनलाइन कंपन्यांनी पुढे याच युक्तिवादाचा आधार घेतला. खेळात कौशल्य आहे हे खरंच. पण रात्री दोन वाजता पेटलेल्या माणसाकडे ते शिल्लक राहत नाही.

२०२५ च्या जून महिन्यात आपल्याच धाराशिव जिल्ह्यातून बातमी आली, ऑनलाइन रमीच्या कर्जापायी एका तरुणाचं अख्खं कुटुंब संपल्याची. दोन महिन्यांनी, २२ ऑगस्टला, पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणाऱ्या केंद्राच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं नाही, हे मला या कायद्यातलं सर्वांत शहाणपणाचं कलम वाटतं. मोठ्या कंपन्यांनी पैशांचे डाव थांबवले, काहींनी न्यायालयात धावही घेतली. तरीही रात्री अकरानंतरचा तो रिकामा वेळ त्या गृहस्थांच्या घरात तसाच उरलाय. परदेशातून चालणारे सट्ट्याचे रस्ते तो वेळ भरायला तयारच असतात.

म्हाताऱ्या बायकांचं तर आणखी अवघड. पार बाप्या माणसांचा. सत्तरीतल्या विधवा बाईला भजनी मंडळ असलं तर असलं, नाहीतर नातवंडांच्या शाळेच्या वेळा आणि टीव्ही. झब्बू, बदाम सात हे खेळ बहुतेकींना लहानपणापासून येतात, पण त्या वयात त्यांना सतरंजी टाकून कोणी बसवत नाही.

गावानं आणि घरानं करण्यासारखं आहे ते फार खर्चाचं नाही. ग्रामपंचायतीनं पाराजवळ एक दिवा, पाण्याचा माठ आणि पाठ टेकता येईल अशी दोन बाकं द्यावीत. दुपारी दोन तास एखाद्या देवळाचा सभामंडप बायकांच्या पत्त्यांना मोकळा करावा. पैशांचा डाव लागू द्यायचा नाही, एवढाच नियम. आणि पुण्या-मुंबईत राहणाऱ्या लेकरांनी आई-वडिलांना नवा फोन घेऊन देताना एक प्रश्न विचारावा: तुमचा रोजचा डाव कुणाबरोबर बसतो? उत्तर आलं नाही, तर पुढच्या सुट्टीत त्यांच्याबरोबर पारापर्यंत चालत जा आणि त्यांना तिथे बसवून या.

पैसा आधीच गेला असेल, कर्ज झालं असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर टेली-मानसचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.