क्ष-किरण, जिह्वा आणि हौशी प्रयोग

गतवर्षी एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने आमच्यापुढे एक योजना मांडली. मराठी ‘ळ’ उच्चारताना जिभेचा नेमका कोणता भाग टाळूस टेकतो, हे त्याला प्रत्यक्ष पाहावयाचे होते. आणि त्यासाठी जुन्या बाजारातून निर्वात नळी व उच्च दाबाचे रोहित्र आणून घरीच क्ष-किरण निर्माण करावेत, असा त्याचा बेत होता. योजना मान्य होणे शक्यच नव्हते. परंतु तिच्यामागील कुतूहल अस्सल होते व ध्वनिशास्त्रात त्याला जुनी परंपराही आहे. तेव्हा नुसता नकार देऊन हा विषय मिटविणे बरे वाटले नाही.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्युर्त्सबुर्ग येथे राँटगेनला या किरणांचा शोध लागला, आणि काही महिन्यांतच ते हौशी लोकांच्या हाती गेले. याचे कारण साधे होते. निर्वात नळी आणि प्रवर्तन-वेटोळे ही साधने भौतिकीच्या बहुतेक प्रयोगशाळांत आधीपासूनच होती. नवी सामग्री जवळजवळ काहीच लागत नव्हती. जिवंत हाताची हाडे पडद्यावर दिसतात, याहून मोठे आकर्षण ते कोणते? त्यात हे किरण दिसत नाहीत, ऐकू येत नाहीत, अंगावर पडले तरी जाणवत नाहीत. विस्तवापासून हात मागे घ्यावयास शरीर शिकविते. येथे शरीर मुकेच राहते. अमेरिकेतील एलिहू टॉमसन याने १८९६ मध्ये आपल्या डाव्या करंगळीवर रोज अर्धा तास, असे काही दिवस मुद्दाम किरण पाडून घेतले. प्रथम काहीच झाले नाही. नंतर बोट सुजले, दुखू लागले, फोड आले. त्याने निदान इशारा तरी दिला. एडिसनचा साहाय्यक क्लॅरेन्स डॅली नळ्यांची परीक्षा स्वतःचाच हात मध्ये धरून करीत असे. त्याचे दोन्ही हात कापावे लागले व १९०४ साली तो मरण पावला. एडिसनने ते काम सोडून दिले. हँबुर्ग येथे १९३६ मध्ये क्ष-किरणांना बळी पडलेल्यांचे स्मारक उभारले गेले, तेव्हा त्यावर १६९ नावे होती.

भाषाभ्यासकांनाही हा मोह आवरला नाही. जीभ मांसल असल्यामुळे क्ष-चित्रात ती अंधूक उमटते. म्हणून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील डॅनियल जोन्स याने जिभेवर शिशाच्या बारीक तुकड्यांची साखळी ठेवून मानस्वरांची छायाचित्रे घेतली. ती १९१७ साली प्रसिद्ध झाली. पुढे १९२८ मध्ये ऑस्कर रसेलने अनेक वक्त्यांची क्ष-चित्रे पुढे करून, जिभेच्या उंचीवर आधारलेले स्वरांचे पारंपरिक वर्गीकरणच चुकीचे असल्याचे प्रतिपादन केले. तात्पर्य, चित्र मिळाले म्हणजे वाद मिटतो असे नाही. आणि हे दोघेही घरी बसून प्रयोग करीत नव्हते.

आमच्या विद्यार्थ्याच्या योजनेतील खरा दोष मात्र ‘ळ’मध्येच दडलेला होता. स्वर लांबविता येतो. वक्ता स्थिर राहतो, चित्र निघते. ‘ळ’ला असे धरून ठेवता येत नाही. मागे वळलेली जीभ टाळूस क्षणभर टेकून झटक्याने पुढे येते. धरून ठेवलेला ‘ळ’ हा बोलण्यातील ‘ळ’ नव्हेच. त्याचे चित्र घ्यावयाचे तर गती टिपावी लागणार, म्हणजे किरण सतत चालू ठेवावे लागणार, आणि तेही चेहऱ्यावर, डोळ्यांजवळ. छातीच्या एका वैद्यकीय क्ष-चित्रात सुमारे ०.१ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते. घरगुती नळीतून किती मिळेल हे मोजण्याचे साधन सहसा त्या प्रयोगकर्त्याजवळ नसते. कमी दाबावर निघालेले ‘मृदू’ किरण निरुपद्रवी असतात, हाही भ्रमच; योग्य गाळणी नसेल तर ते आरपार न जाता कातडीतच मुरतात. शेजारच्या खोलीतील माणसांना तर कोणी विचारलेलेही नसते. रोहित्राचा धक्का प्राणघातक असतो तो वेगळाच. आपल्याकडे असे यंत्र चालविण्यास अणुऊर्जा नियामक मंडळाची अनुज्ञप्ती लागते. (विद्यार्थ्याला ही गोष्ट ठाऊक नव्हती, आमच्यापैकी दोघा अध्यापकांनाही नव्हती.)

आज चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमा आणि श्राव्यातीत ध्वनी यांनी जिभेची हालचाल क्ष-किरणांवाचून पाहता येते. परंतु आम्ही त्याहून जुन्या व स्वस्त पद्धतीकडे वळलो. कोळशाची स्वच्छ, खाण्याजोगी पूड तेलात कालवून जिभेस लावावी, एकच शब्द उच्चारावा आणि तोंडात आरसा धरून टाळूचे छायाचित्र घ्यावे. शब्द मात्र निवडून घ्यावा लागतो. त्यात जीभ टाळूस लावणारे दुसरे व्यंजन नको. ‘चव’ आणि ‘चहा’ या जोडीत दोन ‘च’ स्पष्ट वेगळे उमटले: पहिल्याचा डाग दातांच्या मुळाशी, दुसऱ्याचा त्यामागे व अधिक रुंद.

मग ‘फळ’ घेतले. टाळूवर जवळजवळ काहीच उमटले नाही. लेप पातळ झाला असावा असे वाटून तीनदा प्रयोग केला, निष्पत्ती तीच. शेवटी विद्यार्थ्यानेच सुचविले, आणि लेप जिभेच्या खालच्या बाजूस लावला. या वेळी दंतमूलाच्या बऱ्याच मागे, टाळूच्या मध्यभागी एक ठळक काळा पट्टा दिसला. हा एकाच वक्त्याचा पुरावा आहे. कोकणातील व विदर्भातील वक्त्यांची चित्रे घेण्याचे काम त्याने आता आरंभिले आहे.