नंदुरबारच्या पाण्यातली हिरवळ

घरच्या फिशटँकमध्ये खरी वनस्पती जगत नाही, हे नंदुरबार-शहाद्याकडे कित्येक वर्षं कुणी वाद न घालता मान्य केलेलं होतं. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला, त्या सुमाराची कुठलीही काचेची पेटी आठवून पाहा. तळाला निळी नाहीतर गुलाबी रंगवलेली खडी, मागच्या काचेला चिकटवलेलं समुद्राचं पोस्टर, बुडबुड्यांनी झाकण उघडणारा खजिन्याचा पेटारा आणि प्लास्टिकची झाडं. हौशी माणूस सुरतेला गेला की येताना ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दोन-चार जुड्या आणायचा. काही दिवसांत पानं पारदर्शक व्हायची, मग तपकिरी, मग पाण्याला वास. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असायचं: “भाऊ, आपलं पाणी खारं. प्लास्टिकचं लावा, मळलं की धुवा, पुन्हा नवं.”

त्याचं निदान निम्मं बरोबर होतं. उरलेलं निम्मं कळायला पुढची वीसेक वर्षं गेली.

आधी पाण्याचं पाहू. जिल्ह्याचा बराच भाग काळ्या बेसाल्टवर आहे, तापीकाठाला गाळाची खोल जमीन. बोअरचं पाणी या थरांमधून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊनच वर येतं. गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोटीवर बसणारा पांढरा थर तो हाच. अशा पाण्याचा सामू सहज आठच्या वर जातो आणि त्यात मोकळा कार्बन डायऑक्साइड अगदी थोडा उरतो. त्यातही हा वायू पाण्यात हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो, त्यामुळे पानाला चिकटलेल्या पाण्यातला संपला की नवा येईपर्यंत पान उपाशी. कॅबोम्बा किंवा लाल रोटाला मॅक्रान्ड्रा असल्या नाजूक जाती या पाण्यात मरणारच. पण व्हॅलिसनेरिया, हायड्रिला, सेराटोफायलम यांना बायकार्बोनेटमधूनही कार्बन ओढून घेता येतो. दुकानदार ज्याला खारं म्हणत होता त्याच पाण्यात यांचं छान चालतं. आम्ही मात्र जुडी निवडायचो ती रंग पाहून.

वाळूचा घोटाळा वेगळाच. रंगीत खडीचा कंटाळा आलेले लोक नदीची रेती आणून टाकायचे, आणि त्या रेतीत चुनखडीचे बारीक खडे असायचे. ते पाण्यात विरघळत राहतात आणि आधीच जड असलेलं पाणी आणखी जड करतात. मूठभर कोरड्या रेतीवर लिंबू पिळावं; फसफसली तर ती बांधकामाला ठेवावी. ही तपासणी फुकट आहे, तरी करणारे थोडे.

या छंदाचा इतिहासच मुळी आजारी वनस्पतीपासून सुरू होतो, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५०मध्ये तिथल्या केमिकल सोसायटीपुढे आपला प्रयोग मांडला. एका भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरियाचं रोप. मासे आणि वनस्पती एकमेकांना हवा पुरवतील असा हिशेब होता, पण जुनी पानं कुजू लागली, पाणी गढूळ झालं, शेवाळ माजलं. त्यांनी गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजकं खाल्लं आणि पेटी सावरली. आपल्याकडे मात्र गोगलगाय दिसली की आजही लोक टँक रिकामा करायला निघतात. ती निरोगी पान सहसा खात नाही, सडलेलं खाते. गोगलगायींची संख्या वाढली तर माशांना खाणं जास्त पडतंय एवढाच त्याचा अर्थ.

२००५नंतरची काही वर्षं भारनियमनाची गेली. संध्याकाळी माणूस घरी यायचा, टँकसमोर बसायचा आणि वीज जायची. त्या काळात चाळीस वॅटची ट्यूब, तीही छताची, आणि कधी दोन तास तर कधी बारा. वनस्पतीला उजेड किती मिळतो याइतकंच तो रोज ठरल्या वेळी मिळतो का, हेही मोलाचं असतं. अनियमित उजेडाचा फायदा शेवाळाला. मग इन्व्हर्टर आले, सीएफएल आले, २०१५मध्ये उजाला योजना आली आणि एलईडी घरोघर पोहोचले. उजेड स्वस्त झाला तसा लोकांनी तो चौदा-चौदा तास चालू ठेवला, आणि काचा हिरव्या झाल्या. सहा ते आठ तास पुरतात. साधा टायमर लावला की प्रश्न मिटतो.

याच सुमाराला मोबाइलवर ताकाशी अमानो यांच्या पेट्यांची छायाचित्रं येऊ लागली. जपानच्या निगाता भागातले हे छायाचित्रकार (१९५४–२०१५). काचेत अख्खी दरी उभी करायचे. पाहून सगळे वेडे झाले. कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर परवडेना, म्हणून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत साखर आणि बेकरीचं यीस्ट घालून नळी टँकमध्ये सोडायची पद्धत आली. पुस्तकात ती दोन-तीन आठवडे चालते. खान्देशच्या एप्रिलमध्ये सगळी साखर थोड्याच दिवसांत आंबून संपते आणि डिसेंबरातल्या थंडीत यीस्ट जागंच होत नाही. गॅस कधी भरपूर, कधी शून्य. पुन्हा शेवाळाचीच चंगळ. शेजारच्या घरातून प्रश्न यायचा तो निराळाच: “दादा, यात मासे पाळताय की दारू काढताय?”

सगळ्यांत जास्त वनस्पती मेल्या त्या मात्र पाण्याने नव्हे, आमच्या घाईने. व्यापारी रोपवाटिकांमध्ये बहुतेक जाती पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. तशा त्या लवकर वाढतात आणि त्यांवर शेवाळही चढत नाही. ही पानं हवेसाठी घडलेली असतात. टँकमध्ये बुडवल्यावर ती निकामी होतात आणि रोप ती टाकून देतं. लावणीनंतर मिरचीचं रोप मान टाकतं म्हणून कुणी शेत नांगरून काढत नाही, पण टँकमधलं रोप आम्ही चौथ्या-पाचव्या दिवशी उपटून फेकत होतो. क्रिप्टोकोरीन तर याबाबतीत कुप्रसिद्ध. जागा बदलली, पाणी बदललं की तिची सगळी पानं चिकट लगद्यासारखी विरघळतात. लगदा काढून टाकावा आणि खोडाला हात लावू नये. काही आठवड्यांनी रेतीतून सुईएवढं तपकिरी-हिरवं टोक वर येतं. ते पान अरुंद असतं, थोडं लहरी कडांचं, आणि दुकानातल्या पानासारखं मुळीच दिसत नाही. पाण्यातलं खरं पान ते.

दुसरा घात लावण्याच्या पद्धतीत. अनुबियास आणि जावा फर्न यांचं आडवं खोड रेतीत पुरलं की ते सडतं. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावं, मुळं आपण होऊन पकडतात. याउलट अ‍ॅमेझॉन स्वोर्डला खायला लागतं ते मुळांशी. नुसत्या धुतलेल्या रेतीत ती आधी जुन्या पानांवर जगते, मग पिवळी पडते. पानं वाचायला शिकलो तेव्हा बराच उलगडा झाला: जुनी पानं पिवळी पडली तर नायट्रोजन कमी, जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडली तर बहुधा पोटॅशियम, आणि नवं पान पांढुरकं निघून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर लोह. लोहाचा त्रास आपल्याकडे जास्त, कारण जड पाण्यात ते लवकर बांधलं जातं आणि रोपाला मिळत नाही.

अमेरिकेतल्या डायना वॉल्स्टॅड यांचं पुस्तक १९९९चं. मातीवर रेती पसरून, गॅसशिवाय, थोड्या माशांवर टँक चालवायची त्यांची रीत इकडे यायला बराच काळ गेला, पण आली ती टिकली. आपल्या काळ्या मातीचा इथे उपयोग नाही. ती फार बारीक, पाणी गढूळ करते, आणि कापूस-मिरचीच्या शेतातली असेल तर फवारणीचे अंश घेऊन येते. नर्सरीतली पोयटा माती चाळून, इंचभर, वर दीड-दोन इंच जाड रेती. शेणखत अजिबात नको. त्यातून निघणाऱ्या अमोनियाने मासे जातात.

मे महिना हा आपला खास प्रश्न. बाहेर पारा बेचाळीसच्या पुढे, टँकमधलं पाणी बत्तीस-तेहतीसवर. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, कुजणं वेगाने होतं. झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला की दोन-तीन अंश उतरतात. खान्देशच्या कोरड्या हवेत हा उपाय मुंबईपेक्षा चांगला चालतो. मात्र पाणी भराभर उडतं आणि क्षार मागे राहतात. वर बोअरचंच पाणी ओतत राहिलं तर जूनपर्यंत टँकमधलं पाणी बोअरपेक्षाही जड होतं. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं नाहीतर साठवलेलं पावसाचं पाणी घालावं. पहिल्या दोन सरी गच्ची धुऊन जाऊ द्याव्यात, नंतरचं पाणी स्वच्छ पिंपात भरून झाकावं. कुठल्याही बाटलीतल्या औषधापेक्षा याचा गुण मोठा, असं माझं स्पष्ट मत आहे.

२०२०च्या टाळेबंदीत घरात अडकलेल्यांनी टँक मांडले, कुरिअरने रोपं मागवली आणि उन्हाळ्यातल्या पार्सलांत ती शिजून आली. तेव्हा कुठे नजर जवळच्या पाण्याकडे वळली. पट्ट्यासारखी पानं असलेली व्हॅलिसनेरिया, हायड्रिला, सेराटोफायलम या आपल्याच नद्या-तलावांच्या रहिवासी. दुकानात ‘इम्पोर्टेड’ म्हणून मिळणारी हायग्रोफिला पॉलिस्पर्मा मूळची भारतातली. नर्सरीत औषधी म्हणून कुंडीत मिळणारी ब्राह्मी पाण्याखालीही जगते, वाढते हळू. आजूबाजूला काय उगवतं हे ज्यांना नीट पाहायचं असेल त्यांच्यासाठी प्रा. डी. ए. पाटील यांचा धुळे-नंदुरबारच्या वनस्पतींवरचा ग्रंथ २००३पासून उपलब्ध आहे; इंग्रजीत आहे, पण नावं जुळवायला पुरतो. नदीतून चार काड्या आणल्या तर आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवाव्यात, कारण त्यांच्याबरोबर चतुराच्या अळ्या येतात आणि त्या माशांची पिल्लं खातात.

आता नंदुरबार-शहाद्यात हिरवे टँक दिसतात, आणि बहुतेक अगदी साध्या साधनांवर चाललेले. म्हणूनच एक सांगणं. टँक भरला की छाटणी करावी लागते, आणि ती तापीत, शिवण नदीत किंवा तोरणमाळच्या यशवंत तलावात सोडायचा मोह होतो. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठीच आली होती. हायड्रिला १९५०च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून फ्लोरिडात पोहोचली आणि तिथले कालवे आजही तिच्याशी झगडताहेत. छाटलेलं सगळं गच्चीवर कडक उन्हात वाळवून कुंडीत घाला. गटारीतही टाकू नका. ती शेवटी नदीलाच मिळते.