एकांताची आवड

मधली सुट्टी झाली की मुले मैदानाकडे धाव घेतात. एखादा मुलगा मात्र जिन्याच्या पायरीवर एकटाच बसतो. लगेच कोणी म्हणते, "शिष्ट आहे." कोणी म्हणते, "एकलकोंडा आहे."

बाळकुमचा असाच एक विद्यार्थी माझ्या वर्गात होता. शाळा सुटल्यावर तो खाडीकडे जाई आणि तिवरांतले बगळे पाहत बसे. त्याला मित्र नाहीत, असे समजून मी त्याच्या वडिलांना बोलावले व तक्रार केली. ते कशेळीचा पूल ओलांडून रोज भिवंडीला यंत्रमागावर कामाला जात. ते म्हणाले, "सर, आमच्या एका खोलीत आठ माणसे राहतात. दिवसभर मागाचा खडखडाट ऐकून घरी आलो की मलाही कोणाशी बोलावेसे वाटत नाही. मग पोराला कसे रागावू?" मी गप्प झालो. शिक्षकालाही कधी कधी पालकांकडून शिकावे लागते!

कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली स्वभावाचे दोन प्रकार सांगितले. बहिर्मुख माणसाला लोकांत मिसळल्यावर हुरूप येतो. अंतर्मुख माणसाचे मन आपल्या विचारांत अधिक रमते. पुढे १९६७ मध्ये हान्स आयझेंक यांनी याचे कारण मेंदूत शोधले. त्यांच्या मते अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच अधिक जागा असतो. त्यामुळे गोंगाट व गर्दी त्याला लवकर नकोशी होते. आपल्यापैकी बहुतेक जण मात्र या दोन टोकांच्या मध्येच कुठेतरी असतात.

एकांतात बसणारा माणूस रिकामा बसतो असे नाही. पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली १९३० साली अलिबागजवळच्या किहीम गावी राहत होते. तेथे त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे तासन्‌तास निरीक्षण केले. सुगरणीचा नर घरटे अर्धे विणतो. मादीने ते पसंत केले की पूर्ण करतो आणि नंतर दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणू लागतो. ही गोष्ट त्यांनीच प्रथम उलगडली. सोबत गप्पा मारणारे चार जण असते, तर ती त्यांच्या नजरेस पडली असती का?

मात्र एकांत आणि एकाकीपणा यांत फरक आहे. उर्दूत 'खलवत' आणि 'तनहाई' हे दोन शब्द आहेत, तसेच काहीसे हे समजा. एकांत माणूस स्वतः निवडतो. एकाकीपणा त्याच्या वाट्याला येतो. हसतखेळत असणारा मुलगा अचानक सर्वांना टाळू लागला, डबा तसाच परत नेऊ लागला, तर ती एकांताची आवड नव्हे. त्याला कोणी त्रास देत असेल किंवा घरी काही दुःख असेल. त्याच्याजवळ जाऊन बसावे, विचारावे आणि गरज वाटल्यास शिक्षकांना सांगावे.

आमच्या त्या विद्यार्थ्यालाही मी मागाहून विचारले, "तुला तिथे एकटे वाटत नाही का?"

तो हसून म्हणाला, "नाही सर. मित्र आले की मी गप्पाही मारतो. पण ते आले की बगळे उडून जातात."